झऱ्यांकडे उतरणाऱ्या वाटा

ज्या घरांत गुरुचरित्राचे पारायण पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, त्यांना वैदुरानगरचा यवन राजा अपरिचित नाही. मांडीवरील फोडाने जर्जर झालेल्या या राजाला एक विप्र पापविनाशी तीर्थास जाण्याचा उपाय सुचवितो. राजा निघतो तो एकटाच. तीर्थावर भेटलेला यती त्याला सत्पुरुषाच्या सेवेचे माहात्म्य सांगतो आणि पुढे राजाची पावले गाणगापुराकडे वळतात. व्याधी शमते ती श्रीगुरूंच्या कृपेने. परंतु चित्ताची तळमळ निवू लागते ती त्या एकट्याने केलेल्या वाटचालीतच, असे मला वाटते.

परंपरेने हे वैदुरानगर म्हणजे आपले बिदर आणि ते तीर्थ म्हणजे शहराबाहेरील पापनाश. आजही पठार सोडून पापनाशाकडे पायी उतरू लागले की उन्हाची धग मागे राहते, झाडी दाटते आणि बोलणे आपोआप थांबते. या निवाऱ्याचे मूळ भूमीच्या रचनेत आहे. बिदरच्या पठारावर जांभ्या दगडाचा थर असून त्याखाली काळा पाषाण आहे. सच्छिद्र जांभ्यातून पावसाचे पाणी खाली मुरते, काळ्या पाषाणाशी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने प्रकटते. पापनाश, नरसिंह झरणी आणि गुरू नानकांच्या स्मृतीने पावन झालेला झिरा ही तिन्ही स्थाने अशा झऱ्यांचीच. म्हणून येथील जुन्या पाऊलवाटा पाण्याकडे उतरतात आणि पाण्यापाशी देव भेटतो.

राज्यकर्त्यांनीही हे मर्म ओळखले होते. १४२२ मध्ये तख्तावर आलेल्या अहमदशहा बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी बिदरास आणली; येथील हवापाणी हे त्याचे एक कारण सांगितले जाते. नौबादचा भूमिगत कालवा, ज्याला लोक सुरंगबावी म्हणतात, तो इराणी पद्धतीने याच मुरलेल्या पाण्यावर बांधला गेला.

कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचे रान हा अनुभव अधिक विस्ताराने देते. सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे हे वन २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. साग, चंदन आणि रक्तचंदन यांच्या या रानात लमाणांचे तांडे आहेत. त्यांना ही वाट विरंगुळ्याची नव्हे, नित्याच्या व्यवहाराची. आपण तेथे पाहुणे आहोत, हे विसरता कामा नये.

१९५६ च्या पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर-निलंग्याचे सोयरे एका राज्यात आणि भालकी-औरादचे दुसऱ्यात गेले. घराण्यांच्या सनदा व कागदपत्रे आपण जपून ठेवली. वाटा मात्र जपल्या नाहीत. आता तीर्थापर्यंत वाहन जाते, दर्शन होते, परंतु तो उतार पायांखालून जात नाही. पठारावर झाडी तुटून बांधकामे वाढली, तर पाणी मुरणार नाही. पाणी मुरले नाही, तर झरे आटतील आणि तीर्थाचे केवळ नाव उरेल. हे कळण्यासाठी वर्षातून एकदा तरी मुलानातवंडांना घेऊन पठारावरून पापनाशापर्यंत पायी जावे. पारायणातील तो राजा कोणत्या वाटेने गेला असेल, हे त्यांनाही मग सांगता येईल.