मृत भाषेतील मतप्रदर्शन

श्रोतेहो, मृत भाषेत कोणी राजकारण करतो काय, असे आपण विचाराल. हंगेरीत करीत असत, आणि तेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. प्रेसबुर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथे भरणाऱ्या तेथील विधिसभेत सरदार-जमीनदारांचे प्रतिनिधी करांविषयी, सैन्यभरतीविषयी आपली मते लॅटिनमध्ये मांडीत. १७४१ साली शत्रूंनी घेरलेल्या मारिया थेरेसाने या सभेपुढे साहाय्याची याचना केली ती लॅटिनमध्ये, आणि 'आमचे प्राण, आमचे रक्त' अशी जी आरोळी उठली तीही लॅटिनमध्येच. 'घोड्यांचा दाणा मात्र मागू नका' ही पुस्ती लोकांनी मागाहून विनोदाने जोडली, ती गोष्ट निराळी.

असे का व्हावे? त्या एका राज्यात मग्यार, क्रोट, स्लोव्हाक, रुमानियन, सर्ब, जर्मन असे नाना भाषांचे लोक नांदत होते. व्हेरबोत्सीने सिद्ध केलेला आणि १५१७ साली छापला गेलेला कायदेसंग्रह लॅटिनमध्ये होता; वकिलाला हक्क, वारसा, दंड हे शब्दच मुळी त्या भाषेत सुचत. काशीच्या सभेत दाक्षिणात्य आणि मैथिल पंडित संस्कृतात वाद करीत, तसाच काहीसा हा प्रकार. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून ती बोलताना कोणी कोणापुढे वाकत नसे. शेतकऱ्याला मात्र तीतले अक्षरही कळत नसे. पण त्या सभेत त्याला जागा होती कुठे?

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो सम्राट दुसऱ्या जोसेफने. मृत भाषेत कारभार चालावा हे राष्ट्राला भूषणावह नाही, असे म्हणून त्याने १७८४ साली जर्मनचा हुकूम काढला. १७९० साली तो मागे घ्यावा लागला. पण एक विचार मागे राहिला. जिवंत भाषाच हवी, तर ती आमची का नको? १८२५ साली काउंट सेचेन्यी वरिष्ठ सभागृहात मग्यारमध्ये बोलला आणि भाषेच्या विद्वत्सभेसाठी त्याने आपल्या जमिनींचे एका वर्षाचे उत्पन्न देऊ केले. येथवर ही कथा कोणाही स्वभाषाभिमान्याला आवडावी अशीच आहे.

परंतु त्याच सभेत क्रोएशियाचे प्रतिनिधी बसत होते. १८४३ साली ते नेहमीप्रमाणे लॅटिनमध्ये बोलू लागले, तेव्हा आरडाओरडा करून त्यांना गप्प बसविण्यात आले. पुढल्या वर्षी कायदा झाला: सभेची भाषा यापुढे मग्यार, क्रोट प्रतिनिधींना मग्यार येत नसेल, तर आणखी सहा वर्षे लॅटिनमध्ये मत देण्याची मुभा. व्हिएन्नाकडे जे मागितले, तेच झाग्रेबला नाकारताना या थोर देशभक्तांना काही विसंगत वाटले नाही, हे मला फार विचित्र वाटते.

क्रोटांचे तरी लॅटिनवर प्रेम होते काय? मुळीच नाही. ती त्यांची ढाल होती, आणि ढालीचेही ओझे होतेच. त्याच १८४३ च्या २ मे रोजी झाग्रेबच्या साबोरमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या विधिसभेत, इव्हान कुकुल्येविच हा सव्विशीतला तरुण उठला आणि क्रोएशियन भाषेत बोलला. तेथे असे भाषण पूर्वी झाले नव्हते. परक्या जिवंत भाषा आपल्याला धमकावतात आणि मृत लॅटिन आपला गळा धरून बसली आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या भाषेच्या आडोशाने प्रेसबुर्गला त्याचे देशबांधव लढत होते, तीच त्याला घरात नकोशी झाली होती. दोघेही आपापल्या जागी खरे होते, असेच म्हणावे लागते. २३ ऑक्टोबर १८४७ रोजी साबोरने आपली भाषा राज्यकारभाराची ठरविली.

प्रेसबुर्गने दिलेली सहा वर्षांची मुभा १८५० पर्यंत चालायची होती. भांडण केवळ भाषेचे नव्हते. सत्तेचे होते, व्हिएन्नाच्या डावपेचांचेही होते. पण ती मुदत भरण्याची वाट कोणी पाहिली नाही. सप्टेंबर १८४८ मध्ये क्रोएशियाचा प्रांताधिपती येलाचिच सैन्यानिशी द्रावा नदी ओलांडून हंगेरीत शिरला.