आगोटीचा आठवडा

मे महिना सरत आला आणि वळवाचा एखादा शिडकावा होऊन गेला की आमच्या वसईच्या घरांतून एक शब्द हटकून कानी पडत असे : आगोट. पावसाळा तोंडावर आला असता चार महिन्यांची जी बेगमी करावयाची, ती आगोट. मृग नक्षत्र जूनच्या ७ तारखेच्या सुमारास लागते. त्याच्या आधीचा एक आठवडा घरातील प्रत्येक माणसाला, अगदी सात-आठ वर्षांच्या पोरालाही, काही ना काही काम असे. त्या आठवड्यात शेजारणींनी एकमेकींकडे फुकाच्या गप्पा मारायला जाऊ नये असा अलिखित नियम होता. गेल्याच तर हातात मुसळ घेऊन जावे.

आमच्यासारख्या धर्मगुरूला इतिहास शोधावयाचा तर पहिली वाट चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा ओळी तेथे एकाखाली एक लागलेल्या असतात. ज्या माउलीचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तीन ओळी आपल्याला सापडतात, तिने मधल्या साठ-सत्तर वर्षांत किती कणगी भरल्या आणि रित्या केल्या, हे कोणत्याच वहीत नाही. आमच्या समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग असा चुलीपाशी आणि वाडीत राहून गेला आहे. तो वाचावयाचा तर शब्द, पदार्थ आणि घरातली जुनी भांडी यांच्याकडेच जावे लागते.

शब्दांपासूनच आरंभ करू. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. ही दोनशे पाच वर्षे किल्ल्याच्या भग्न भिंतींत जितकी शिल्लक आहेत, त्याहून अधिक आमच्या स्वयंपाकघरांत आहेत. पाव, बटाटा, पेरू, अननस, पपई, काजू ही नावे त्या काळाची. वाडीत माती वाहावयाचे घमेले आणि कणीक मळावयाची परात हीही पोर्तुगीज भाषेतून आलेली, आणि ज्या नाताळसाठी ती परात बाहेर निघते तो नाताळही. आमच्या सामवेदी मंडळींना कुपारी म्हणतात. तो शब्द बाप्तिस्म्यातील धर्मपित्याच्या नात्याचा, ‘कोंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दाचा असल्याचे मानले जाते. गोव्याकडे तर पावसाळी बेगमीलाच पुरुमेंत म्हणतात. हा ‘प्रोव्हिमेंतु’ या शब्दाचा अपभ्रंश. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चच्या सणाला सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, कांदे यांची जी फेरी भरते तिचे नावच पुरुमेंताचे फेस्त. पवित्र आत्म्याच्या सप्तदानांबरोबर सुक्या मिरच्यांची माळही घरी न्यावी यात त्या भाविकांना काही वावगे वाटले नाही. आम्हालाही वाटत नाही.

ख्रिस्तसभेनेही पेरणीचे दिवस कधी परके मानले नव्हते. पाचव्या शतकात गॉल देशातील व्हिएन येथील बिशप संत मामेर्तुस यांनी स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस उपवास, याचना आणि मिरवणुकीचे म्हणून घालून दिले. पुढे ती प्रथा सर्वत्र पसरली आणि शेतमळ्यांना आशीर्वाद देणे हा तिचा गाभा झाला. १९६९च्या नव्या उपासना-पंचांगाने या दिवसांची व्यवस्था त्या त्या देशाच्या बिशप-परिषदांवर सोपवली. परिणामी अनेक ठिकाणी ते दिवस मागे पडले. आमच्या मते हे नुकसानच झाले. स्वर्गारोहणाचा सण बहुधा मे महिन्यात येतो, म्हणजे नेमका आगोटीच्या उंबरठ्यावर.

आता वाडीकडे येऊ. वसईची वाडी म्हणजे केळी, पानवेली, फुलझाडे आणि भाजी यांचा एकत्र संसार. पाणी विहिरीचे आणि बावखलाचे. बावखल म्हणजे वाडीलगतचे गोड्या पाण्याचे डबके. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना आधार देई. पूर्वी रहाटाला बैल किंवा रेडा जुंपून पाणी काढीत. आमच्या लहानपणी रहाट जाऊन पंप आले होते, तरी म्हातारी माणसे अजून पाण्याचा हिशोब रहाटाच्या फेऱ्यांनीच करीत.

आगोटीच्या आठवड्यात केळीचे मुनवे उपटून नव्या खड्ड्यांत लावावयाचे. सुरण, हळद, आले पुरावयाचे. कुंपणाला आणि मांडवाला दुधी, शिराळी, पडवळ, काकडी यांच्या बिया टोचावयाच्या. आणि या बिया विकत आणणे हे आमच्या आजीच्या दृष्टीने जवळजवळ पापच होते. गेल्या हंगामातला सर्वांत देखणा दुधी वेलावरच राखून ठेवलेला असे. तो वाळून खुळखुळा झाला की आढ्याला टांगावयाचा. भोपळ्याच्या बिया राखेत घोळून, शेणाच्या गोळ्यात बसवून तो गोळा भिंतीला थापावयाचा. राखेमुळे कीड लागत नाही आणि भिंतीवर उंदराचा हात पोहोचत नाही. राख ही त्या घराची मोठी दौलत. तिने भांडी घासली जात, कडधान्य टिकवले जाई, वेलावरची कीड हटवली जाई आणि उरलेली केळीच्या बुंध्याशी पडे. न्हाणीचे पाणी अळवाला. मासळीचे धुवण वेलाला. वाया काही गेलेच नाही तर उकिरडा कशाचा भरणार?

स्वयंपाकघरातला सर्वांत मोठा दिवस मसाल्याचा. मिरच्या, धणे, हळकुंडे आधीच उन्हात कडकडीत वाळलेली असत. मग अंगणात चूल मांडून तीळ, खसखस, मिरी, मोहरी, दगडफूल, नागकेशर असे जिन्नस एकेक करून भाजावयाचे. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन घरांत विसाहून अधिक जिन्नस पडतात, आणि गहू व चणेही भाजून घालतात. मसाला गडद रंगाच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात, म्हणून त्याला बॉटल मसाला म्हणतात. काचेचा गडद रंग उजेड अडवतो, ठासल्याने हवा उरत नाही, आणि मसाला वर्षभर रंग सोडीत नाही. बिअरच्या बाटलीला इतके पुण्यकर्म दुसरीकडे कोठे लाभले असेल असे आम्हाला वाटत नाही. या मसाल्याचा आत्मा जी लाल मिरची, तीही सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिका खंडाहून आली. त्यापूर्वी तिखटाचा भार मिऱ्यावर होता.

सुकी मासळी कोळीवाड्यातून येई. दोन्ही घरे एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी. वाडीतल्या केळ्यांच्या फण्या टोपलीत घालून आजी पाचूबंदरच्या ओळखीच्या घरी जात, आणि बोंबील, सुकट, करंदी घेऊन परतत. मधे पैसा क्वचितच येई. राजेळी केळी मात्र घरचीच. ती पिकली की सोलून बांबूच्या मांडवावर आठवडाभर उन्हात ठेवावयाची, रात्री दवापासून झाकावयाची आणि वाळली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधावयाची. ही वसईची प्रसिद्ध सुकेळी. मांडवाखाली राखण आम्हा मुलांची असे, आणि राखणदारच कसे चोर निघतात याचा पहिला धडा आम्ही तेथेच गिरवला.

आंबोशी, आमसुले, मातीत घोळलेल्या फणसाच्या आठळ्या, वाल, यांची यादी लांबविण्याचे कारण नाही. कणगीविषयी मात्र सांगितले पाहिजे. शेणाने सारवलेल्या दोन कणगी असत. एक खाण्याच्या भाताची, दुसरी बियाण्याची, आणि दुसरीला उपासमारीतही हात लावावयाचा नसे.

उपासमार हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ज्या रंगुनी तांदळावर मुंबईची कितीतरी घरे जगत, तो बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. त्या दिवसांच्या गोष्टी आजी सांगत. मुंबईला नोकरीस असलेले नातेवाईक शनिवारी रिकामी पिशवी घेऊन येत आणि रविवारची मिस्सा झाली की भरलेली घेऊन जात. वसईची वाडी मुंबईला पोसण्याचे काम तसे जुनेच. १८६४ साली मुंबई-सुरत लोहमार्ग सुरू झाला, १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल धावू लागली, आणि भाजी, फुले, पाने घेतलेल्या आमच्या बायका पहाटेच्या गाडीत दिसू लागल्या. दुसरा धक्का आला तो कायद्याचा. सांदणे फुगवावयाची ती ताडीने, आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याने आंबलेली ताडीच गुन्ह्यात जमा केली. सणाच्या पिठासाठी कितीजणींनी ही चोरी पापनिवेदनात सांगितली असेल, ते त्यांना आणि देवाला ठाऊक.

काटकसरीला चर्चच्या नियमांचीही जोड होती. शुक्रवारी मांस वर्ज्य. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी या शिस्तीत बदल करण्याची मुभा बिशप-परिषदांना दिली. त्याआधी तो दिवस वालाच्या आमटीचा आणि सुक्या बोंबलाचा असे. आज मांस टाळून महागडे पापलेट तळणाऱ्या घरी आम्हाला शुक्रवारचे आमंत्रण येते, तेव्हा नियम पाळला गेला असे आम्ही म्हणतो. अधिक काही म्हणत नाही.

पण साठविणे म्हणजे काय, हा प्रश्न पुरोहित म्हणून आम्हाला टाळता येत नाही. शुभवर्तमानात कोठारे मोडून मोठी कोठारे बांधू पाहणारा श्रीमंत मूर्ख ठरतो, आणि त्याच शुभवर्तमानांत भाकरीचे उरलेले तुकडे गोळा करून बारा टोपल्या भरल्या जातात. कणगी आणि कोठार यांतला फरक आम्हाला सेमिनरीत कळला नाही. तो घरी एका श्रावणात कळला. सलग आठ दिवस पाऊस होता. वाडीत काम नाही म्हणून मजुरी नाही. आमच्याकडे कामाला येणारी एक आदिवासी बाई दाराशी येऊन उभी राहिली. काही मागितले नाही तिने. आईने कणगीकडे पाहिले. भात निम्म्याच्या खाली गेले होते आणि घरात आम्ही नऊ माणसे. “आपल्यालाच पुरायचं नाही,” आई हळूच म्हणाली. आजी उठल्या, सूपभर भात मोजले, वर सुकट ठेवली आणि आईला म्हणाल्या, “आगोट भरताना ती होती ना आपल्यासोबत? मग ही तिचीही आहे.” त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोन आठवडे कण्यांच्या पेजेवर काढले. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. पुढच्या मे महिन्यात मात्र आजीने सांगण्यापूर्वीच तिने एक वेगळी लहान कणगी सारवून ठेवली.

ती तिन्ही कणगी आता नाहीत. नव्वदच्या दशकात आमच्या वडिलांनी निम्मी वाडी विकली, आणि तेव्हा सेमिनरीत शिकत असलेल्या आम्ही त्यांना एका शब्दाने अडवले नाही. वसई हिरवी राहावी म्हणून आमचेच धर्मगुरू आणि भाविक त्या काळात रस्त्यावर उतरले होते. त्या मोर्चात आम्हीही चाललो होतो. घरचे बावखल बुजले तेव्हा मात्र आम्ही गप्प होतो. विहिरीचे पाणी दोन-तीन वर्षांतच मचूळ झाले.

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई चर्चच्या कार्यालयात आल्या. वाडी जाऊन त्या आता चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या हातात लोणच्याची जुनी प्लास्टिकची बरणी होती आणि बरणीत राख. “फादर, दुध्याचं बी आहे. दोन वर्षं झाली, आता नाही पेरलं तर मरेल. कुंपणाला जागा द्याल का?” दफनभूमीकडच्या कुंपणाशी त्यांनी स्वतः वाकून चार जागी बिया टोचल्या. तीन उगवल्या. ऑगस्टमध्ये त्या येऊन दोन दुधी घेऊन गेल्या, आणि तिसऱ्याला पांढरी चिंधी बांधून आमच्या आचाऱ्याला बजावून गेल्या की याला सुरी लावायची नाही.