माणिकगडचा चुनखडक आणि सास्तीचा कोळसा

जिवतीचे पठार आणि त्याखालचा राजुऱ्याचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलात होता. परंतु दप्तरी नोंदलेल्या सगळ्या राजवटी या भूमीच्या वंशावळीत अगदी शेवटच्या ओळीवर येतात. माणिकगडच्या डोंगरांपाशी जो चुनखडक उघडा पडतो, त्यास भूशास्त्रज्ञ पैनगंगा चुनखडक म्हणतात. तो शंभर कोटी वर्षांहूनही जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. चंद्रपूरनजीक इरई येथे याच खडकावर समांतर ओरखडे उमटलेले आहेत; ते हिमनदीने फरपटत नेलेल्या धोंड्यांचे, हे भूशास्त्रज्ञ फेडन यांनी 1875 साली नमूद केले. ज्या जिल्ह्यात वैशाखात पाय भाजतात तेथे बर्फ सरकत होते, ही गोष्ट दगडावर उमटलेली नसती तर कोणी मानली नसती.

हिम ओसरल्यानंतर, सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी, दलदलीच्या सखल प्रदेशात जिभेसारख्या पानांची ग्लॉसॉप्टेरिस नावाची झाडे माजली. ती पाण्यात पडून, हवेअभावी अर्धवट कुजून, वरून चढत गेलेल्या वाळू-चिखलाच्या भाराने व भूगर्भातील उष्णतेने आतले पाणी आणि वायू गमावीत, पीट व लिग्नाइट या अवस्थांतून सास्ती-बल्लारपूरचा दगडी कोळसा झाली. पुराचा गाळही त्यात मिसळला, म्हणून या कोळशाला राख फार. उघडा पडलेला कोळसा हवेने तापून स्वतःच पेटतो. यास्तव खोदून रिकामी झालेली भुयारे वाळूने भरावी लागतात. इंधनरक्षणाचा हा कदाचित सर्वांत अनाकर्षक, पण फार प्रामाणिक प्रकार.

गडचांदूरच्या परिसरातील सिमेंट कारखान्यांत माणिकगडचा हा चुनखडक सुमारे 1450 अंशांवर भाजून क्लिंकर, म्हणजे दळल्यावर सिमेंट होणारे गोळे, करतात. पूर्वीच्या ओल्या पद्धतीत कच्च्या मालाचा रबडा आटवण्यातच पुष्कळ कोळसा खर्ची पडे. कोरड्या पद्धतीत भट्टीतून निघालेल्या तप्त वायूनेच भुकटी आधी तापवून घेतात, आणि खर्च निम्म्याच्या आसपास येतो. दिवे मालवण्याचे उपदेश आपण मुलांना हौसेने करतो; ही यंत्रातली काटकसर मात्र क्रमिक पुस्तकात क्वचितच येते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची जी राख आपण उपद्रव म्हणून झटकतो, तीही पोझोलाना सिमेंटमध्ये शेकडा 35 पर्यंत मिसळण्याची मुभा भारतीय मानकात आहे. आणि जेवढी राख मिसळावी तेवढे क्लिंकर कमी लागते, म्हणजे तेवढा कोळसा खाणीतच राहतो.