मिरचीवरचा आळ



परवा आमच्या भिशीत वाद पेटला तो मिरचीवरून. एकीचा मुलगा आठवड्यातून दोनदा सावजीत जाऊन पाटवडी-रस्सा खातो आणि मग रात्रभर छाती चोळत बसतो, म्हणून ती मिरचीला बोल लावत होती. दुसरी म्हणाली, उलट तिखट हार्टला चांगलं, मोबाईलवर आलंय. मी गप्प बसले. मिरचीच्या खटल्यात मी स्वतः बारा वर्षं आरोपी होते, त्यामुळे चार वाक्यांत बोलणं मला जमण्यासारखं नव्हतं.

माझं लग्न 1982 चं. माहेर इतवारीतलं, हात तिखट. लग्नानंतर दोन वर्षांत ह्यांच्या पोटात जळजळ सुरू झाली. रात्री दोनला उठून दूध प्यायचे. डॉक्टरांनी अल्सर सांगितला आणि तिखट बंद केलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरी हे दुखणं नव्हतं. सूनबाईच्या हाताला मिरची फार." पुढची बारा वर्षं मी रोज दोन भाज्या केल्या, एक त्यांची फिकी, एक बाकीच्यांची. तरी दुखणं हटेना. आणि मनातून मलाही वाटायचं, आपल्याच हाताने नवऱ्याचं पोट जाळलं की काय.

1996 मध्ये एका तरुण डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासणी केली आणि सांगितलं, पोटात जंतू आहेत. दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. अल्सर भरला, तो पुन्हा झाला नाही.

त्या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी तो शोधला आणि 1982 मध्ये प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, म्हणजे माझ्या लग्नाच्याच वर्षी! लोकांना पटेना, कारण सगळे म्हणत अल्सर होतो काळजीने आणि तिखटाने. शेवटी 1984 मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज डॉक्टर अल्सरची मुख्य कारणं दोन सांगतात, हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक. मिरची अल्सर करत नाही. पण आधीच झालेल्या जखमेवर, मूळव्याधीवर, आम्लपित्तावर ती झोंबते हे खरं. झोंबणं आणि जखम करणं यात फरक आहे, आणि तो फरक न कळल्याने माझी बारा वर्षं गेली.

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. आठवडाभराने स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "आज फोडणीत दोन मिरच्या घाल." मी घातल्या.

तेव्हापासून मला या मिरचीचं कूळ शोधायचा नाद लागला. सख्यांनो, आपल्या आजी-पणजीपासून जी आपलीच वाटते ती मिरची मुळात पाहुणी आहे. तिचं माहेर मेक्सिको-दक्षिण अमेरिका. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोहोचला, वास्को-द-गामा 1498 मध्ये कालिकतला आला, पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे उतरली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे काळी मिरी, पिंपळी आणि सुंठ. वैद्यांचं त्रिकटू ते हेच. 'मिरची' हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलं. गंमत बघा, आयुर्वेदात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपल्या बोलीत मात्र कटूचं कडू होऊन बसलं. त्यामुळे जुन्या ग्रंथातलं 'कटु' वाचून कोणी कारल्याचे गुण सांगू लागलं तर सावध राहा.

आता आपल्या धर्माच्या बाजूने बघू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं दिली आहेत, त्यांत रसपरित्याग आहे. त्यागाचे सहा रस आपण लहानपणापासून म्हणतो: दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ. यात मिरची नाही! ती असणार कशी? सूत्र रचलं गेलं तेव्हा मिरचीला इकडे यायला हजार वर्षांहून जास्त अवकाश होता. आणि ती वेलझाडाच्या फळांसारखी जमिनीच्या वर लागते, म्हणून कंदमुळाच्या नियमातही सापडत नाही. कांदा नाही, लसूण नाही, ओलं आलं नाही. मग आपल्या घरात भाजीला जोर आणायचा तो हिंगाने आणि मिरचीने. मला तर वाटतं, आपण कांदा-लसणाचा त्याग करतो आणि त्याची भरपाई मिरचीकडून वसूल करतो. हा हिशेब कॉमर्सवालीला लगेच दिसतो.

नागपुरात तिखटाची ख्याती झाली ती हलबा कोष्टी समाजाच्या सावजी जेवणामुळे. साव म्हणजे सावकार, व्यापारी. माझ्या आजेसासऱ्यांनाही गावात सावजीच म्हणत, त्यामुळे लहानपणी आमच्या मुलांना ती पाटी आपल्याच कोणाची वाटायची. कोष्टी म्हणजे विणकर. 1877 मध्ये टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि गिरणीच्या कापडापुढे हातमागाला टिकणं अवघड झालं. जवसाचं तेल, ज्वारीची भाकरी, काळा मसाला आणि लाल तर्री, हे कष्टकऱ्याचं जेवण. भाजी थोडी आणि भाकऱ्या चार असतील तर घास उतरवायला तिखटच लागतं. आपल्याला त्यातलं मांसाहारी चालत नाही, कांदा चालत नाही, पण बिनकांद्याची पाटवडी मी करते आणि त्या रश्श्याचा मान ठेवते. मिरचीसाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे.

तिखट लागतं म्हणजे नेमकं काय होतं? अमेरिकेतले डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधलं की मिरचीतलं कॅप्सायसिन मज्जातंतूंवरचं एक दार उघडतं. तेच दार साधारण 43 अंशांच्या पुढच्या उष्णतेने उघडतं. यासाठी 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे तिखट ही चव नसून भाजल्याचा भास आहे. जीभ भाजलेली नसते, पण मेंदूला तसा निरोप जातो, म्हणून घाम फुटतो. आमच्या नागपूरचा मे महिना 45 च्या घरात असतो, त्यामुळे आम्ही दोन्हीकडून तेच दार ठोठावतो!

कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन काही होत नाही. दूध-ताकाने उतरतं, पण इथे आपली अडचण येते. पाटवडी बेसनाची, आणि तोंडात बेसन असताना ताक घेतलं की द्विदल झालं. माझा उपाय म्हणजे भातावर चमचाभर तूप किंवा गुळाचा खडा. आणि मिरची चिरताना बिया काढण्यापेक्षा बिया ज्याला चिकटतात तो पांढरा भाग काढा. तिखटपणा मुख्यतः तिथे असतो.

भिशीतल्या दुसऱ्या मैत्रिणीचंही अगदी खोटं नव्हतं. चीनमध्ये 4,87,375 माणसांचा अभ्यास 2015 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा 14 टक्क्यांनी कमी दिसलं. पण ते मिरचीमुळेच, असं त्या अभ्यासाने सिद्ध होत नाही. रोज तिखट खाणारे आणखी काय खातात, किती चालतात, याचा सगळा जमाखर्च कोण मांडणार? औषध म्हणून मिरची वाढवू नका एवढंच मी म्हणेन.

माझी खरी तक्रार पुडीबद्दल आहे. 2003 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरची पुडीत सुदान नावाचा लाल रंग सापडला, जो मेणाला आणि बुटाच्या पॉलिशला वापरतात. ओलसर राहिलेल्या मिरचीला बुरशी लागते, तिचं विष वेगळंच. आपल्याकडे दळलेल्या मसाल्याला पिठासारखीच मर्यादा आहे, थंडीत सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस. आजच्या सुना हसतात. मीही वर्षाचं कांडप करून घ्यायचे, खोटं कशाला बोलू. आता अख्खी मिरची कडक वाळवून बरणीत ठेवते आणि लागेल तशी थोडी मिक्सरमधून काढते.

छाती चोळत बसणाऱ्या त्या मुलाच्या आईला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, रात्री उशिरा सावजी खाऊन लगेच आडवं होणं आधी थांबव. तरी जळजळ टिकली तर नुसती मिरची बंद करून बसू नकोस, जंतूची तपासणी करून घे. वजन उतरलं किंवा शौच काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. ती म्हणाली, "अगं, पण सून म्हणते माझ्याच हातचं तिखट त्याला बाधतं." मी म्हटलं, तिला आधी माझ्याकडे पाठव.