तौलनिक साहित्य विभाग, जादवपूर विद्यापीठ

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील साहित्याभ्यासाचा विभाग. स्थापना १९५६. तौलनिक साहित्याला वाहिलेला हा भारतातील पहिला विद्यापीठीय विभाग होय.

पार्श्वभूमी : वंगभंगविरोधी चळवळीतून १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या निमंत्रणावरून रवींद्रनाथ टागोरांनी १९०७ मध्ये ‘विश्वसाहित्य’ या विषयावर व्याख्यान दिले. भाषाभाषांतील साहित्याचे सुटे तुकडे न पाडता त्याकडे अखिल मानवाची निर्मिती म्हणून पाहावे, असा त्याचा रोख होता. याच परिषदेच्या कार्यातून १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ आकाराला आले आणि पुढच्याच वर्षी कवी बुद्धदेव बसू यांनी हा विभाग सुरू केला.

अध्यापक : बसूंनी कालिदासाचे मेघदूत, तसेच बोदलेर आणि रिल्के यांच्या कविता बंगालीत आणल्या. त्यांच्याबरोबर कवी सुधींद्रनाथ दत्त आणि बेल्जियमहून आलेले जेझुइट धर्मगुरू रोबेर आंत्वान यांनीही येथे शिकवले. आंत्वान यांनी व्हर्जिलचे लॅटिन महाकाव्य बंगालीत आणि रघुवंश इंग्रजीत नेले. विभागाचे नियतकालिक १९६१ पासून निघू लागले.

अभ्यासपद्धती : महाकाव्यांच्या अभ्यासातून ही पद्धत स्पष्ट होते. होमरच्या काव्यात अकिलीसच्या नावाआधी ‘चपळ पायांचा’ हे विशेषण पुन्हापुन्हा येते. वाल्मीकिरामायणात ‘महाबाहू’, ‘नरशार्दूल’ अशी संबोधने तशीच फिरून येतात. एकच काव्य वाचणाऱ्याला ही नुसती पुनरुक्ती वाटते. दोन्ही शेजारी ठेवली, की तोंडी परंपरेतील गायकाला वृत्त सांभाळत कथा पुढे नेण्यासाठी हे तयार शब्दबंध हाताशी लागत, हे ध्यानात येते. असा बारकावा पाहायचा तर मूळ भाषेची जाण हवी. म्हणून या विषयात परभाषा शिकणे हा साहित्यवाचनाचाच भाग ठरतो. जिथे मूळ भाषा येत नाही, तिथे अनुवाद डोळसपणे वाचावा लागतो.

विद्यार्थी आणि परंपरा : लेखिका नवनीता देव सेन या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी, पुढे त्या येथेच प्राध्यापक झाल्या. विभागातील प्राध्यापक मानवेंद्र बंद्योपाध्याय यांनी लॅटिन अमेरिकन साहित्य बंगाली वाचकांपर्यंत पोहोचवले. मुंबई विद्यापीठातही टागोरांच्या नावाने तौलनिक साहित्याचे अध्यासन निर्माण झाले. कवी वसंत बापट यांनी त्यावर काम केले आणि या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला.

महत्त्व : परभाषेचे शिक्षण आज बहुधा नोकरीच्या हिशेबाने घेतले जाते. जादवपूरच्या अध्यापकांनी त्याला मोठे प्रयोजन दिले : परभाषेत जे वाचले, ते आपल्या भाषेत आणून तिला समृद्ध करणे. भारतातील साहित्यशिक्षणाला या विभागाची ही सर्वांत मोलाची देणगी आहे.