पावतीची सत्यता आणि साक्षीदाराचे स्थान : टॅली काठीपासून स्वयंचलित एजंटांच्या व्यवहारापर्यंत

प्रस्तावना :

पैसे कोणी, कोणास, किती व केव्हा दिले, हे सिद्ध करण्याचे व्यापारातील प्रमुख साधन म्हणजे पावती होय. अलीकडे ग्राहकाच्या वतीने वस्तू निवडणे, दर मान्य करणे व रक्कम अदा करणे ही कामे 'एजंट' म्हणून ओळखली जाणारी संगणकीय प्रणाली करू लागली आहे. अशा व्यवहारातील पावती बहुधा मानवी नजरेखालून जात नाही. तीत फेरफार झाला आहे किंवा नाही हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावे, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :

इंग्लंडच्या राजकोषात मध्ययुगापासून टॅली काठीचा वापर होत असे. रकमेनुसार काठीवर लहानमोठ्या खाचा पाडून ती उभी चिरली जाई. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, तर दुसरा राजकोषाकडे राही. एका भागावर नवी खाच पाडली तरी ती दुसऱ्या भागाशी जुळत नसे. ही पद्धत १८२६ मध्ये बंद झाली. १८३४ मध्ये साठलेल्या काठ्या जाळताना लागलेल्या आगीत वेस्टमिन्स्टरचे संसदभवन भस्मसात झाले.

मराठा कालखंडातील कागदपत्रांत मजकूर संपतो तेथे मोर्तब उमटवले जाई. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे लेखनाची सीमा दर्शवितात. त्यापुढे घातलेली भर उघडी पडे. कागदावरील 'बार' हा शेरा दप्तरात नोंद झाल्याची खूण असे. मोर्तबाने कागद राखला, तर नोंदीने कागदाबाहेर पुरावा निर्माण केला. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

डिजिटल पावतीचा विकास :

१९७६ मध्ये डिफी व हेलमन यांनी सार्वजनिक चावीची कल्पना मांडली. १९७८ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी प्रत्यक्ष वापरता येईल अशी डिजिटल स्वाक्षरीची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष वापरात प्रथम पावतीच्या मजकुरापासून 'हॅश' म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा काढला जातो व त्यावर खाजगी चावीने स्वाक्षरी होते. मजकुरातील एक अंक बदलला तरी ठसा बदलतो आणि पडताळणी फसते. भारतात १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीस मान्यता दिली.

मात्र स्वाक्षरी करणाऱ्यानेच जुनी पावती नष्ट करून मागील तारखेची नवी पावती तयार केली, तर केवळ स्वाक्षरीवरून ते उघडकीस येत नाही. १९९१ मध्ये हेबर व स्टॉर्नेटा यांनी यावर उपाय सुचविला. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफावा, म्हणजे मधली नोंद बदलल्यास पुढची साखळी तुटते. त्यांच्या तंत्रावर आधारित सेवेने १९९५ पासून असा एकत्रित ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दर आठवड्यास छापण्यास प्रारंभ केला. एकदा घरोघरी गेलेला अंक कोणालाही परत घेऊन बदलता येणे शक्य नव्हते.

एजंटांचा व्यवहार व पडताळणी :

सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एजंटांद्वारे होणाऱ्या देयकांसाठी एक नियमावली जाहीर केली. ग्राहकाने दिलेली अनुमती स्वाक्षरीयुक्त स्वरूपात जतन करणे, हे तिचे मुख्य सूत्र आहे. परंतु पावती तपासणाऱ्या प्रणालीस स्वाक्षरीपलीकडेही पाहावे लागते. तोच मजकूर वेगळ्या क्रमाने मांडल्यास ठसा बदलतो. म्हणून मांडणी ठरलेली असावी लागते. एकच खरी पावती दोनदा दाखवली जाऊ नये, यासाठी प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक लागतो. पावतीतील रक्कम मूळ अनुमतीच्या मर्यादेत आहे काय, हेही पाहावे लागते.

याहून सूक्ष्म धोका साखळीच्या टोकाशी असतो. शेवटच्या काही पावत्या गाळल्या तरी उरलेली साखळी निर्दोष दिसते. शेवटच्या पावत्या गाळल्या आहेत काय, हे बाहेर ठेवलेल्या अखेरच्या ठशावरून कळते. तो ठसा विक्रेत्याकडेच राहिला, तर तक्रार करणाऱ्या ग्राहकाच्या हाती विक्रेत्याच्या शब्दाखेरीज काहीच उरत नाही.

निष्कर्ष :

पावतीचे स्वरूप लाकूड, कागद व आकडे असे बदलत गेले. तथापि तिची विश्वासार्हता नेहमीच दुसऱ्या हातातील प्रतीवर अवलंबून राहिली. स्वाक्षरी हे आजचे मोर्तब आहे. परंतु 'बार' ची जागा घेणारी स्वतंत्र नोंद नसेल, तर मोर्तब करणाऱ्याचीच सत्ता कायम राहते. एजंटांच्या व्यवहारात पावतीची स्थळप्रत, निदान तिचा ठसा तरी, ग्राहक व विक्रेता या दोहोंपासून अलिप्त अशा साक्षीदाराकडे असणे आवश्यक आहे. ही व्यवस्था वाद उद्भवण्यापूर्वीच करावी लागते, कारण वाद सुरू झाल्यानंतर जमविलेल्या पुराव्यास साक्षीदाराचे मूल्य उरत नाही.