गोवा मुक्तिलढ्यातील स्त्रिया

गोव्यातील पोर्तुगीज हुकूमशाहीविरुद्ध १९४६ ते १९६१ या काळात झालेल्या नागरी स्वातंत्र्याच्या व मुक्तीच्या लढ्यात गोमंतकीय आणि महाराष्ट्रीय स्त्रियांनी केलेले कार्य. २८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव होऊन प्रजासत्ताक कोसळले. १९३२ मध्ये पंतप्रधान झालेल्या सालाझार यांनी त्यातून उद्‌भवलेल्या सत्तेला एकाधिकारशाहीचे स्थिर रूप दिले. गोव्यात तिची झळ घराघरांत पोहोचली. परवानगीवाचून सभा भरविता येत नसे; लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे पाठवावी लागे. राजकीय खटले लष्करी न्यायालयापुढे चालत आणि कारावासाबरोबर आरोपीचे राजकीय हक्कही काही वर्षांपुरते काढून घेतले जात. जे हक्क मुळात नव्हतेच, ते काढून घेण्याची ही शिक्षा चमत्कारिकच म्हटली पाहिजे. अशा राजवटीत शांतपणे सभा घेणे हाच गुन्हा आणि तोच लोकशाहीचा आग्रह होता. स्त्रियांच्या कार्याचे मोल या दृष्टीने जोखावे लागते. केवळ सत्याग्रहींच्या संख्येवरून ते कळणार नाही.

१८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया व ज्युलियांव मिनेझिस यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच गावी वत्सला कीर्तनी या तरुणीने ‘जय हिंद’ची घोषणा देऊन अटक ओढवून घेतली. तेव्हा इतर स्त्रिया पोलीस ठाण्यावर गेल्या आणि आपणांसही अटक करावी, असा आग्रह धरून राहिल्या. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. पुढे लढ्यात उतरलेल्या प्रत्येक स्त्रीला आपल्या कृत्याची किंमत ठाऊक होती.

या दृष्टीने ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापसा येथे भरलेले नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे अधिवेशन विशेष महत्त्वाचे होय. पुण्यात संसार असलेल्या सुधाताई जोशी त्याच्या अध्यक्षस्थानी होत्या. सभा सुरू होताच पोलिसांनी त्यांना पकडले. अधिवेशनात कोणते ठराव झाले यापेक्षा बंदी असलेल्या भूमीवर ते उघडपणे भरले, यातच त्याचे यश होते. त्यांना दीर्घ कारावास घडला. १९५९ मध्ये त्या सुटल्या. भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी, अशी त्यांची ओळख बहुधा करून दिली जाते. लष्करी न्यायालयाने मात्र त्यांना स्वतंत्र राजकीय आरोपी मानले. मित्रा काकोडकर (विवाहोत्तर बीर) यांना बारा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. मुक्तीनंतर त्यांनी मडगाव, वेरें आदी ठिकाणी शाळा व स्त्रियांसाठी व्यवसायशिक्षणाची केंद्रे काढली. पुण्याच्या सिंधू देशपांडे यांनीही गोव्यात भूमिगत कार्य करून तुरुंगवास भोगला.

१५ ऑगस्ट १९५५ च्या सामुदायिक सत्याग्रहात निःशस्त्र तुकड्यांवर गोळीबार होऊन वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय हाती ध्वज असता गोळी लागून जखमी झाल्या. १९५७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या.

यानंतर सरहद्दीवरील दळणवळण तुटले आणि गोव्यातील जनतेला सरकारी वार्तांखेरीज काही कळेनासे झाले. ही उणीव भरून काढण्यासाठी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. प्रथम आंबोलीच्या जंगलातून व नंतर कॅसलरॉक येथून. पोर्तुगीज व कोंकणी या भाषांतून बातम्या आणि भाष्ये प्रक्षेपित होत. सहा वर्षांचे हे अज्ञातवासातील काम कोणत्याही सत्याग्रहाइतकेच खडतर होते. परंतु त्यात मिरवणूक नव्हती की हारतुरे नव्हते, म्हणून त्याची दखल उशिरा घेतली गेली. लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री मिळाली ती २०२५ मध्ये. १९ डिसेंबर १९६१ रोजी विमानातून ध्वनिक्षेपकावर पणजीवासीयांना मुक्तीची वार्ता त्यांनीच सांगितली होती.

गोव्यात प्रौढ मताधिकारानुसार पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. पोर्तुगालमध्ये १९३१ च्या कायद्याने केवळ विशिष्ट शिक्षण झालेल्या स्त्रियांनाच मत दिले होते. पुरुषांच्या पूर्ण बरोबरीचा मताधिकार तेथील स्त्रियांना १९७४ च्या क्रांतीनंतर मिळाला.